जुलैची फी आणि रमजानची जकात

जुलै हा कापड बाजारातला मंदीचा महिना. लग्नसराई संपलेली, अलीकडच्या वर्षांत दोन्ही ईद मागे पडलेल्या, पाऊस लागलेला. पेढीवर गिऱ्हाईक कमी आणि वसुलीची वही उघडून बसलेले व्यापारी जास्त. यंत्रमागावरही तीच गत. कापडाला उठाव नसला की मालक काही माग बंद ठेवतो आणि कारागिराचा आठवड्याचा पगार निम्म्यावर येतो. नेमक्या याच दिवसांत कॉलेजांच्या प्रवेशयाद्या लागतात आणि फी भरायला चार-पाच दिवसांची मुदत मिळते.

२०१८ सालच्या जुलैत असाच एक मुलगा आमच्या मालेगावच्या पेढीवर आला. बाप यंत्रमागावर होता, दम्यामुळे घरी बसलेला. आई कांडी भरून संसार ओढत होती. मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला होता आणि परगावच्या सरकारी तंत्रनिकेतनात त्याला जागा मिळाली होती. फी, वसतिगृहाची अनामत आणि पहिल्या दोन महिन्यांची खाणावळ मिळून चौदा हजार रुपये लागत होते. तो म्हणाला, "चाचा, शिष्यवृत्ती आली की परत करीन. खैरात नको, कर्ज द्या." आम्ही म्हणालो, "बेटा, जकात तर वाटून झाली. पुढच्या रमजानात ये, नक्की काही तरी करू."

मुदत सोमवारी संपली आणि जागा दुसऱ्याला गेली. २०१९ च्या मे महिन्यात रमजान आला, तेव्हा आम्ही आठवणीने लिफाफा घेऊन त्याच्या घरी गेलो. रात्रपाळी करून तो झोपला होता. उठून बाहेर आला, सलाम केला आणि लिफाफा आमच्याच हातात परत ठेवला. म्हणाला, "आता कशाची फी भरू, चाचा? दुसऱ्या कुणाला द्या."

पैसा आमच्या गल्ल्यात जुलैतही होता. तो जुलैत कसा द्यायचा याची रीत आम्ही शिकलो नव्हतो. त्यानंतर जे शिकलो ते येथे मांडत आहोत. ज्याच्या घरून फी येणार नाही अशा विद्यार्थ्याने हे वाचावे, आणि तो ज्याच्या पेढीवर जाईल त्या व्यापाऱ्यानेही वाचावे. सच्चर समितीने २००६ साली सांगितले होते की वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर किंवा पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी आहेत, तर देशात एकूण हे प्रमाण सुमारे सात टक्के आहे. या आकड्यावर आपण भाषणे पुष्कळ ऐकली. आता थोडा हिशोब करू.

आधी अंदाजपत्रक

नवे दुकान टाकताना आपण पागडी, फर्निचर, माल आणि उधारीत अडकणारी रक्कम वेगवेगळी लिहितो. कॉलेजच्या खर्चाचेही असेच चार रकाने करावेत. पहिला कॉलेजच्या फीचा. दुसरा राहण्या-खाण्याचा. तिसरा पुस्तके, साहित्य, प्रवास आणि परीक्षेचा. चौथा रकाना बहुतेक लोक लिहीतच नाहीत, आणि तोच मुलाला कॉलेजातून ओढून आणतो. तो म्हणजे मुलगा कामावरून उठल्यामुळे घराची जी आवक बंद होते तिचा.

कारागिराच्या घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा काही ना काही आणत असतो. फी कुणी तरी भरते आणि सर्व जण समाधानी होतात. पण दर आठवड्याचे ते पैसे बंद झाले की किराणा दुकानाची उधारी वाढते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेला मुलगा परत जात नाही. लोक म्हणतात, त्याचे शिक्षणात मन नव्हते. मन होते, चौथा रकाना रिकामा होता. म्हणून मदत मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनीही पहिल्याच दिवशी विचारावे की मुलगा गेल्यावर घर कसे चालेल.

हे चार रकाने मांडले की निवडही सोपी होते. गावातच अनुदानित कॉलेज असेल तर दुसरा रकाना जवळजवळ पुसला जातो. वाणिज्य व कला शाखेची अनेक कॉलेजे सकाळी भरतात आणि दुपारपर्यंत सुटतात. तेथे चौथा रकानाही अर्धा भरून निघतो. परगावच्या खासगी कॉलेजची रंगीत पुस्तिका पाहून भाळण्यापूर्वी हे गणित करावे.

फी भरण्यापूर्वी फी कमी करा

महाराष्ट्रात फी कमी होण्याचे जे मार्ग आहेत, त्यांतले बरेचसे आपल्या मोहल्ल्यात कुणाला ठाऊक नसतात. मुख्य तेवढे सांगतो.

पहिली गोष्ट, व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश 'कॅप' म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या. दलालामार्फत किंवा व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की राज्याच्या फी सवलतीचा हक्क जातो. "सीट पक्की करून देतो" म्हणणारा माणूस ही गोष्ट कधीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट, तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत ट्यूशन फी माफ असलेल्या पाच टक्के जादा जागा असतात. आठ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबातील मुलांना त्या गुणांवर मिळतात. कॉलेजांची पसंती भरताना या जागांचा संकेतांक वेगळा असतो. तो भरला नाही तर गुण असूनही ही जागा मिळत नाही. दरवर्षी हुशार मुले केवळ फॉर्म भरणाऱ्याच्या अज्ञानामुळे त्या गमावतात.

तिसरी गोष्ट राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची. ही धर्म पाहत नाही, उत्पन्न पाहते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर खुल्या वर्गातील मुलालाही व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या फीत निम्मी सवलत मिळते. मुलींसाठी २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची सवलत शंभर टक्के झाली आहे. लेकीला पैशाअभावी बारावीवर थांबविणाऱ्या बंधूंनी हे वाक्य दोनदा वाचावे.

चौथी गोष्ट जातीची. इस्लाममध्ये उच्च-नीच नाही, पण सरकारी यादीत व्यवसायाने मागास ठरलेल्या बिरादऱ्या आहेत. मोमीन, पिंजारी-मन्सुरी, बागवान, तांबोळी, अत्तार अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या इतर मागास वर्गाच्या यादीत आहेत. हा दाखला असेल तर प्रवेशात आणि फीत दोन्हीकडे फरक पडतो. ज्यांची बिरादरी यादीत नाही त्यांना २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकाच्या दहा टक्के आरक्षणाचा मार्ग आहे. त्यासाठी वेगळे प्रमाणपत्र काढावे लागते.

पाचवी गोष्ट कारागीर बंधूंसाठी. गवंडी, रंगारी, सुतार, फरशी बसविणारा, बांधकामावरचा वेल्डर यांनी वर्षात नव्वद दिवस बांधकामाचे काम केले असेल आणि वय १८ ते ६० असेल, तर राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंद करता येते. नोंद असेल तर पहिल्या दोन अपत्यांच्या शिक्षणासाठी मंडळाच्या योजनेत वर्षाला पदवीसाठी २० हजार, अभियांत्रिकी पदवीसाठी ६० हजार आणि वैद्यकीय पदवीसाठी १ लाख रुपये आहेत. मागवाल्याला हे मंडळ लागू नाही. पण आपल्या वस्तीत बांधकामावर जाणारे शेकडो हात आहेत आणि त्यांतील किती जणांनी नोंद केली आहे, हे जुम्याच्या नमाजनंतर एकदा विचारून पाहा.

कागद मे महिन्यातच

यांतील शिष्यवृत्तीचे अर्ज आता महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचे असतात. अर्ज अडतो तो कागदावर. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि आधारशी जोडलेले मुलाच्या नावाचे बँक खाते, इतके तरी हाताशी हवे. जुलैत तहसील कचेरी आणि सेतू केंद्रावर रांग असते. म्हणून निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच हे काम उरकावे.

इतर मागास वर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून कुटुंब महाराष्ट्रात असल्याचा पुरावा लागतो. आपल्याकडे येथेच घोडे अडते. उत्तरेतून येऊन पिढ्यान् पिढ्या येथे माग चालविणाऱ्या घरातही आजोबांचा कागद सापडत नाही, आणि सापडला तर त्यावर जातीच्या जागी नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. आजोबा किंवा त्यांचे भाऊ ज्या उर्दू शाळेत शिकले तिचे जुने रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टीची पावती, खरेदीखत, यांत शोध घ्यावा. एका भावाने दाखला काढला की रक्ताच्या नात्यातील इतरांचे काम हलके होते. म्हणून हा कागद खानदानाची ठेव समजून जपावा.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'मोहम्मद', आधारवर 'मोहमद', बँकेत 'मुहम्मद' आणि बापाच्या दाखल्यावर नुसते 'मो.'. उर्दूत चारही एकच, पण संगणकाला चार वेगळी माणसे दिसतात आणि शिष्यवृत्ती परत जाते. आम्हीही उर्दू शाळेत शिकलो आणि नावाच्या या गोंधळाची किंमत विक्रीकराच्या कचेरीत मोजली. नावाची दुरुस्ती नववी-दहावीतच करून घ्यावी.

बंद दाराशी उभे राहू नका

मशिदीच्या फलकावर आणि मोबाईलवर अजूनही जुन्या योजनांच्या जाहिराती फिरतात. संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज भरणारी 'पढो परदेश' योजना केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. १९८९ साली स्थापन झालेले मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन गुंडाळण्याचा आदेश २०२४ मध्ये निघाला. याचे दुःख आहे आणि त्याविरुद्ध आवाज उठविणाऱ्यांनी तो उठवावा. पण फीच्या अंदाजपत्रकात बंद योजनेची रक्कम आवक म्हणून धरू नये. अशी कुठलीही योजना असो, चालू वर्षाचा अर्ज सुरू आहे की नाही हे आधी पाहावे.

बाप देऊ शकतो, पण देत नाही

आतापर्यंत गरीब घराचे बोललो. दुसरा विद्यार्थी याहून अवघड स्थितीत असतो. त्याचा बाप दुकानदार किंवा आठ-दहा मागांचा मालक आहे. फी सहज भरू शकतो, पण म्हणतो, "शिकून काय करणार? गादीवर बस." सरकार उत्पन्न बापाचे पाहते, म्हणून शिष्यवृत्ती नाही. जकातीचा विषय निघाला की लोक म्हणतात, तो तर सेठचा मुलगा. आणि बापाच्या सहीशिवाय उत्पन्नाचा दाखलाही निघत नाही.

अशा मुलाला आमचा सल्ला हा की बापाशी भांडून घर सोडण्यापूर्वी त्याला व्यापाऱ्याच्या भाषेत प्रस्ताव द्या. सकाळचे कॉलेज, दुपारपासून रात्रीपर्यंत पेढी, आणि त्या कामाचा ठरलेला पगार. बाहेरच्या गुमास्त्याला जेवढा देतो त्यापेक्षा थोडा कमी मागा, पण तो वहीत मुलाच्या नावे लिहिला जावा. त्यातून अनुदानित कॉलेजची फी निघू शकते. मामा, चाचा किंवा पेश-इमाम यांपैकी बाप ज्याचे ऐकतो त्याला मध्यस्थ घ्या. आणि बाप म्हणून वाचणाऱ्या बंधूंना एवढेच सांगतो की जीएसटी आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, आपल्या पेढीचा हिशोब बाहेरचा माणूस ठेवतो आणि आपण सही करतो. घरातला वाणिज्य पदवीधर हा खर्च नाही.

हाताची कमाई

कमवून शिकणे यात कमीपणा नाही, आणि महाराष्ट्रात तर याची मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची गरीब मुले एकत्र राहत व कष्ट करून शिकत. त्या मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९४७ साली साताऱ्यात निघालेले छत्रपती शिवाजी कॉलेज 'कमवा आणि शिका' याच तत्त्वावर उभे राहिले. आज पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कर्मवीरांच्याच नावाने ही योजना चालते. ग्रंथालय, कार्यालय किंवा बागेतील कामाचे तासावर पैसे मिळतात. कॉलेजात गेल्या गेल्या विद्यार्थी विकास विभागात याची चौकशी करावी.

ज्याला काम सोडणे शक्यच नाही, त्याने शिक्षण सोडू नये, शिक्षणाची पद्धत बदलावी. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करणाऱ्यांसाठीच आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ साली निघाले आणि ते दूरशिक्षणाने उर्दूतून पदवी देते. आयटीआय करणाऱ्यास शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ नुसार कारखान्यात विद्यावेतन मिळते. २०१९ च्या सुधारित नियमांत त्याची किमान रक्कम शिक्षणानुसार महिना ५ ते ९ हजार ठरविली गेली.

एक इशारा मात्र देतो. बारा तासांची रात्रपाळी करून सकाळी कॉलेज, असे धाडस करू नका. माग डोळ्यावर झोप असलेल्याला माफ करीत नाही. कामाचे तास चार ते पाच असावेत. शिकवण्या, दुकानाचा हिशोब, संगणकावर बिले करणे, शिलाई, सुट्टीत सीझनच्या गर्दीतले काम, ही विद्यार्थ्याला झेपणारी कामे आहेत. आणि व्यापाऱ्याने अशा मुलाला कामावर ठेवले तर परीक्षेच्या पंधरवड्यात सुट्टी देण्याचा शब्द आधीच द्यावा.

मधल्या सहा महिन्यांचे कर्ज

आता आमच्या त्या चुकीकडे येतो. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी तिची रक्कम बहुधा वर्षाच्या अखेरीस किंवा त्यानंतर खात्यावर येते. कॉलेज पैसे जुलैत मागते. व्यापारात याला आपण काय म्हणतो? माल दिला, बिल मंजूर आहे, पैसे मागाहून येणार. अशा वेळी आपण एकमेकांना हातउसने देतोच. तो मुलगा आमच्याकडे नेमके तेच मागत होता आणि आम्ही त्याला जकातीच्या रांगेत उभे केले.

कर्ज-ए-हसनाची खुबी ही की एकच रक्कम पुन्हा पुन्हा कामी येते. अलीगढच्या मदरसतुल उलूम कॉलेजात साहबजादा आफताब अहमद खाँ यांनी १८९० साली 'अंजुमनुल फर्ज', म्हणजे ड्यूटी सोसायटी, काढली ती गरीब विद्यार्थ्यांसाठी निधी जमविण्यास. मदत घेऊन शिकलेल्याने कमावता झाल्यावर ती परत करावी आणि पुढच्याची सोय व्हावी, हा त्यामागचा विचार.

आमच्या गल्लीतल्या पाच जणांनी २०१९ साली वीस-वीस हजार घालून एक लाखाची अशी वही सुरू केली. नियम चारच आहेत. रक्कम पंधरा हजारांपेक्षा जास्त नाही. कॉलेजचा प्रवेशकागद पाहून त्याच दिवशी निर्णय. परतफेड शिष्यवृत्ती आल्यावर, नाही तर दर महिना पाचशे. आणि सर्व लेखी, दोन साक्षीदारांसह. शेवटच्या नियमावर एका भागीदाराने नाक मुरडले होते, की गरिबाच्या पोराकडून काय लिहून घ्यायचे. पण कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, कर्ज लिहून ठेवण्याबद्दलच आहे. लिहिल्याने घेणाऱ्याची इज्जत राहते, कारण तो भीक घेत नाही, व्यवहार करतो. त्याच सूरहची २८० वी आयत सांगते की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी. आमच्या वहीत दोन्ही आयतींना जागा आहे.

आतापर्यंत एकतीस मुला-मुलींना दिले. चौघांकडून येणे बाकी आहे, त्यांतील दोघे लॉकडाऊनच्या वर्षातले. कापडाच्या उधारीत आमची बुडीत याहून मोठी आहे आणि ती घेणारे सर्व मोठ्या दुकानांचे मालक आहेत.

जकात जुलैत कशी द्यावी

जिथे परतफेड शक्यच नाही तिथे जकात. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. गरजू विद्यार्थी फकीर-मिस्कीन म्हणून त्यांत येतो. व्यापाऱ्याने दुकानातील माल, रोकड आणि येऊ शकणारी उधारी मोजून, देणे वजा करून, चाळिसावा भाग काढायचा असतो. वीस लाखांवर पन्नास हजार. आपल्यापैकी अनेकांची जकात एका मुलाचे वर्ष सहज पार पाडील इतकी असते, पण ती शंभर-दोनशेच्या नोटांत वाटली जाते.

वेळेची अडचण अशी सुटते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ साली तो मार्चमध्ये आला. फी जुलैतच राहते. पण साहिबे-निसाब माणसाने वर्ष पुरे होण्यापूर्वी जकात आगाऊ देणे हनफी व शाफई दोन्ही फिक्हमध्ये जायज मानले आहे. म्हणजे जुलैत मुलाला द्या, वहीत 'आगाऊ जकात' म्हणून नोंद करा आणि रमजानात हिशोब करताना तेवढी रक्कम वजा करा. ही साधी गोष्ट २०१८ साली आम्हाला कुणी सांगितली असती, किंवा आम्ही विचारली असती, तर एक मुलगा आज माग चालविण्याऐवजी माग दुरुस्त करणारा डिप्लोमा इंजिनिअर असता.

आणखी तीन बारकावे. जकातीची रक्कम मुलाच्या मालकीची झाली पाहिजे. म्हणून त्याच्या हातात द्या, किंवा त्याच्या परवानगीने त्याच्या वतीने फी भरा. आपल्या मुला-नातवंडांना जकात चालत नाही, पण गरजू पुतण्या, भाचा, भाची यांना चालते, आणि त्यात नाते जोडल्याचाही सवाब आहे. आणि बुडालेले जुने कर्ज माफ करून तेच जकातीत धरता येत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. आपल्या प्रसंगाचा मसला आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावा.

बँकेचे कर्ज

हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण मोठ्या फीपुढे वही अपुरी पडते. व्याज हराम आहे यात आपल्यात दुमत नाही. मजबुरीची हद्द कुठे सुरू होते हे आलिमाने सांगावे. आम्ही फक्त हिशोब दाखवितो.

चार वर्षे दरसाल एक लाख उचलले आणि दर दहा टक्के धरला, तर शिक्षण व त्यानंतरच्या एका वर्षाच्या सवलतीच्या काळात साध्या व्याजानेच एक लाख चाळीस हजार वाढतात. फेड सुरू होते ती पाच लाख चाळीस हजारांची. पाच वर्षांत फेडायचे म्हटले तर महिना सुमारे साडेअकरा हजार. नोकरीच्या पहिल्या पगारातून एवढे जाणार, हे सही करण्यापूर्वी मुलाला माहीत असावे.

ज्यांना हा मार्ग घ्यावाच लागेल त्यांनी निदान व्याज कमी असलेले दार आधी ठोठवावे. राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ तीन टक्के दराने शैक्षणिक कर्ज देते. केंद्राच्या २००९ पासूनच्या योजनेत साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलाचे शिक्षणाच्या व त्यानंतरच्या एका वर्षाच्या काळातील व्याज सरकार भरते. मात्र अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असावा आणि संस्था योजनेत बसणारी असावी. त्या काळातच मुद्दल फेडता आले तर मुलाच्या खिशातून व्याज जात नाही. करार व्याजाचाच राहतो, म्हणून विचारून मगच पाऊल टाकावे. पण येथे समाजाला एक वाट दिसते. दहा व्यापाऱ्यांनी मिळून एका मुलाचे मुद्दल त्या मुदतीत कर्ज-ए-हसनाने फेडले, तर व्याजाचा फेरा सुरू होण्यापूर्वीच तो मोकळा होतो.

यंदाच्या जुलैसाठी

विद्यार्थ्याने चार रकाने मांडावेत, मे महिन्यात कागद जमवावेत, कॅपमधूनच प्रवेश घ्यावा आणि मदत मागताना आकडा व तारीख दोन्ही सांगाव्यात. व्यापाऱ्याने आपल्या गल्लीत तीन-चार विश्वासू माणसे शोधावीत, एक वही घ्यावी आणि जकातीचा काही भाग जुलैसाठी लिहून ठेवावा. यासाठी संस्था, इमारत किंवा सभागृह लागत नाही.

तो मुलगा आज सव्वीसच्या आसपास आहे, दोन मुलांचा बाप. मागच्या वर्षी तो पुन्हा आमच्या पेढीवर आला, तेव्हा क्षणभर आमच्या पोटात कालवले. बरोबर त्याच्या शेजारची एक मुलगी आणि तिचे वडील होते. मुलीला फार्मसीला जागा मिळाली होती. त्याने स्वतःच तिचे चार रकाने कागदावर लिहून आणले होते आणि साक्षीदार म्हणून सहीही केली. त्या दिवशी मुदतीला तीन दिवस शिल्लक होते. रक्कम संध्याकाळपर्यंत दिली. अल्लाह आपल्या सर्वांना वेळेवर देण्याची तौफीक देवो. आमीन.